गळावरची माशी

ज्या विद्येशीं घराण्याचा कधीं संबंध आला नाहीं, ती नातवाच्या छंदानें दाराशीं येते, तेव्हां तिला परत पाठवावें कीं पाटावर बसवावें, असा प्रश्न वडीलधाऱ्यांस पडतो. माझ्या तेरा वर्षांच्या नातवानें गळावर पिसें बांधून कृत्रिम माशी करण्याचा नाद घेतला, तेव्हां आमच्या नांदेडच्या घरांतहि तो पडला. घरीं मत्स्याहार वर्ज्य. सूनबाई म्हणाली, “मामंजी, आपल्या घरांत गळ कशाला?”

प्रश्न योग्यच होता. परंतु विषय संस्कृतास परका नाहीं. लातुराहून फार दूर नसलेल्या कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, बाराव्या शतकांत राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्यानें ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचिला. त्याच्या शंभर अध्यायांत ‘मत्स्यविनोद’ हा एक असून, माशांच्या जाती, त्यांचें खाद्य व गळाचें साहित्य यांचा त्यांत विचार आहे. पिसांच्या माशीचें जुनें व स्पष्ट वर्णन मात्र ईलियन या रोमन लेखकाचें, सुमारें अठराशें वर्षांपूर्वींचें. मॅसिडोनियांतील लोक गळाभोंवतीं तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याच्या गळ्याखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बांधीत, असें तो सांगतो.

नवशिक्यास याहून सोपा नमुना मिळणें कठीण. गळ लहान शिकंज्यांत घट्ट धरावा. मेण लावलेला रेशमी दोरा गळाच्या डोळ्यापासून वांकापर्यंत वेढ्याशेजारीं वेढा देत न्यावा. तेथें लोकर अडकवून दोरा पुढें आणावा व मग लोकर दांड्यावर गुंडाळावी. डोळ्यामागें थोडी जागा मोकळी ठेवून तेथें मानेचें एक पीस बांधावें व त्याचे दोन वेढे द्यावे. त्याचे तंतु किड्याच्या पायांसारखे चोहोंकडे उभे राहतात. शेवटीं तीन-चार गांठी मारून दोरा कापावा. दुसऱ्या नमुन्यांत लोकरीऐवजीं मोराच्या गळून पडलेल्या पिसाचे तीन-चार तंतु घ्यावे. बाकी कृति तीच.

नातवाच्या पहिल्या पांच माशांत डोळाच बुजून गेला. साहित्य हातीं आहे म्हणून तें सगळें वापरावें, ही नवशिक्याची खोड. व्याकरणांतील सूत्रकार एक अक्षरहि अधिक खर्चीत नाहीं, हें मीं त्यास सांगितलें; सहावी माशी सुटसुटीत झाली. पाठांतरास घटकाभर न बसणारा हा मुलगा आतां विष्णुपुरीच्या पाण्यावर कोणता किडा कोणत्या वेळीं उतरतो, हें वहींत टिपून ठेवितो.

तरी सूनबाईच्या प्रश्नाचा गाभा उरतोच. मासा परत सोडला म्हणून गळ रुतल्याची पीडा टळत नाहीं. म्हणून असें ठरलें कीं, पाण्यांत टाकावयाच्या प्रत्येक माशीच्या गळाचें टोंक आधीं पक्कडीनें कापावें. मासा फसून झेपावला, क्षणभर माशी तोंडांत धरून त्यानें ती टाकून दिली, कीं परीक्षा उतरली. सूनबाईनें हें मान्य करून विणकामांतली तांबडी लोकर स्वतःच काढून दिली.

वाचकहो, मोठा झाल्यावर तो टोंक ठेवील कीं कापील, हें त्याचें त्यानें ठरवावयाचें आहे. हाताला कौशल्य आणि मनाला विचार हीं दोन्हीं एकाच वेळीं लावून द्यावीं, इतकेंच आपल्या हातीं असतें.