खानदेशचे रान आणि आमचा पोटखराबा

गेल्या माघात आमच्या घरी एका जमिनीच्या तुकड्यावरून बोलणे निघाले. पारोळे तालुक्यात आमचे वडिलोपार्जित शेत आहे. त्याच्या वरच्या अंगास सुमारे चार एकरांचे मुरमाड माळरान असून सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘पोटखराबा’ अशी आहे. आमच्या आठवणीत त्यात कोणी नांगर घातला नाही. धाकट्या बंधूंचा मुलगा सांप्रत शेती पाहतो. त्याचे म्हणणे असे पडले की, यंत्र लावून तेथील झुडपे काढावीत, जमीन सपाट करावी आणि कडेने गिरिपुष्प लावावे. “काका, तिथे आहे तरी काय? नुसते काटे!” असे तो म्हणाला, तेव्हा आम्हांस उत्तर सुचले नाही. तीस वर्षे आम्ही मुलांस भूगोल व संस्कृत शिकविले. ‘खानदेशात शुष्क पानझडी वने आहेत’ हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिले असेल त्याची गणती नाही. परंतु आपल्याच शेताच्या डोक्यावर जे उगवते त्यास काय म्हणावे, हे आम्हांस ठाऊक नव्हते. सातबाऱ्यावर आमचेही नाव असल्याने आमची संमती हवी होती. ती देण्यापूर्वी खानदेशचे रान एकवार डोळ्यांनी पाहून यावे असे आम्ही ठरविले, आणि पुतण्यासच सोबत घेतले.

निघण्यापूर्वी थोडे वाचन केले. हॅरी चॅम्पियन नावाच्या इंग्रज वनशास्त्रज्ञाने १९३६ साली हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील वनप्रकारांची पाहणी प्रसिद्ध केली, आणि १९६८ मध्ये सेठ या भारतीय सहकाऱ्यासह ती सुधारून पुन्हा काढली. तीत भारतातील वनांचे सोळा गट पाडले आहेत. खानदेशचे रान मुख्यत्वे पाचव्या, म्हणजे शुष्क पानझडी गटात बसते, आणि कोरड्या माळांवर सहाव्या, काटेरी गटाकडे झुकते. इतके तर आमच्या फळ्यावरही होते. आम्हांस नवे वाटले ते पुढचेच. गटाचे नाव हवापाण्यावरून दिले, तरी त्याच्या पोटात काही वने केवळ जमिनीच्या गुणाने वेगळी होतात, म्हणून त्यांस प्रमुख वृक्षाचे नाव दिले आहे: सालईचे वन, अंजनाचे वन, पळसाचे वन, बाभळीचे वन. आणि याशिवाय एक निराळे सदर आहे ते तोड, चराई आणि वणवा यांनी उतरणीस लागलेल्या रानांचे. झुडपी रान आणि कोरडे गवती रान त्यात येतात. म्हणजे एखाद्या जागेचे नाव सांगताना तेथे काय आहे एवढेच सांगून भागत नाही, काय होते तेही सांगावे लागते.

संस्कृताच्या अभ्यासकास यात अगदीच परके असे काही वाटू नये. चरकसंहितेच्या कल्पस्थानात देशाचे जांगल, आनूप व साधारण असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि प्रत्येकाची ओळख तेथील वृक्षांवरून दिली आहे. जांगल देशाच्या यादीत खदिर, धव, तिनिश, शल्लकी, बदरी, तिंदुक, आमलकी ही नावे येतात. मराठीत म्हणायचे तर खैर, धावडा, तिवस, सालई, बोर, टेंभुर्णी, आवळा. सातपुड्याची वाट चालताना आम्हांस ही यादी एकेक करून समोर उभी असलेली दिसली. आनूप देशाच्या यादीत मात्र कदली आहे, आणि आज रावेर-यावलच्या वाटेने जाताना दुतर्फा केळीखेरीज दुसरे काही दिसत नाही! विहिरी व कूपनलिका यांच्या बळावर आम्ही जांगल देशात आनूप देश वसविला आहे. भूगर्भातले पाणी तो किती दिवस वसू देईल, हा प्रश्न निराळा.

फाल्गुन वद्यात आम्ही रावेर तालुक्यातील पाल येथे पोचलो. यावलचे अभयारण्य १९६९ साली घोषित झाले, ते याच भागात. आमच्याबरोबर एक वृद्ध तडवी गृहस्थ वाट दाखविण्यास आले. अक्षरओळख त्यांस बेताचीच. परंतु डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत त्यांनी जे आम्हांस शिकविले, ते आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते.

पायथ्याशी ओढ्याकाठी, जेथे माती खोल, तेथे साग. त्याची मोठाली पाने गळून पायाखाली कुरकुरत होती. उतारास लागताच साग विरळ होऊन धावडा, ऐन, मोह, तिवस व टेंभुर्णी यांची सरमिसळ सुरू झाली. अर्ध्या तासाने माती जवळजवळ संपली, नुसता खडक राहिला, आणि तेथे सालई लागली. पान एकही नाही, साल कागदासारखी सुटलेली, आणि बोट लावताच डिंकाचा मंद सुगंध. अमरकोशात हिला ‘गजभक्ष्या’ म्हटले आहे, हे आम्ही पुतण्यास सांगितले. तो हसून म्हणाला, “काका, हत्ती गेले, सालई राहिली.” आम्ही वाटाड्यांस विचारले की, माथ्यावर हीच का? त्यांचे उत्तर सरळ होते. “गुरुजी, हिच्या लाकडाला कोण विचारतो? चांगले होते ते लोकांनी नेले. आगीतून ही वाचते.” एका वृक्षाचे प्राधान्य खडकाने दिलेले असते आणि माणसाच्या कुऱ्हाडीनेही दिलेले असते, त्या माथ्यावर दोघांचाही हात होता.

परंतु आम्ही ज्याच्यासाठी विशेष उत्सुक होतो तो अंजन. कोकण-सह्याद्रीच्या वाचकांनी येथे घोटाळा करू नये. त्यांच्याकडील निळ्या फुलांची अंजनी वेगळी. खानदेशचा अंजन हा उंच वृक्ष असून त्याचे पान म्हणजे उघडलेल्या पोथीची दोन पृष्ठे. लाकूड इतके जड की भारतातील अतिशय भारी लाकडांत त्याची गणना होते. त्या दिवसांत त्याला तांबूस कोवळी पालवी फुटत होती, आणि उघड्या कातळावर सगळे रान वाळून गेलेले असता तेवढाच एक पट्टा तांबडा दिसत होता. असे का, ते वाटाड्यांनी एका रोपापाशी बसून दाखविले. रोप वीतभर, परंतु त्याचे मूळ खडकाच्या भेगेत कितीतरी खोल गेलेले. अंजन आधी खाली वाढतो, मग वर. त्याचा पाला गुरांस प्रिय, सालीचे दोर होतात, आणि म्हणूनच जेथे तेथे त्याचे शेंडे खुडलेले.

परतताना तापीकाठच्या सपाटीवर रान असे उरलेलेच नाही. ओढ्यांच्या काठी करंज, जांभूळ, उंबर, अर्जुनसादडा यांची ओळ तेवढी पाहिली, आणि जेथे तोडून सोडलेली काळी जमीन होती तेथे पळस. तो ऐन बहरात होता. शोभा मोठी, पण ती तोडीनंतरची शोभा आहे हे आता आम्हांस वाचता येऊ लागले होते.

धुळ्यास एक दिवस काढून आग्रा रस्त्यावरील लळिंगचे कुरण पाहिले. जळगावास वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. धुळ्याकडे त्याहून कमी. वृक्ष ठेंगणे झालेले, खैर, हिवर, बोर, नेपती हे सारे काटेरी, आणि मध्ये वाळलेली कुसळी व पवन्या. किल्ल्याच्या पायथ्याशी बसून आम्ही पुतण्यास म्हटले की, युरोपातील काही वनस्पतिशास्त्रज्ञ प्रमुख वनस्पतीच्या नावास एक प्रत्यय लावून समूहाचे नाव तयार करतात. त्याने तत्काळ उत्तर दिले, “मग आपले काय वेगळे? हिवरखेडे, पळसखेडे, बोरखेडे, अंजनविहिरे.” आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनात हे आमच्या ध्यानी आले नव्हते, हे येथे कबूल केलेले बरे. गावे वसविणाऱ्यांनी ‘खेडे’ हा प्रत्यय लावून काम भागविले होते. मात्र त्यांतील किती गावांच्या शिवारात आज तो वृक्ष सापडेल, याचा विचार करताना दोघेही गप्प झालो.

पारोळ्यास उतरून थेट माळावर गेलो. पुतण्याने वही काढली. हिवर सात, बोरी पुष्कळ, नेपतीची जाळी दोन, तरवड सगळीकडे, गवतात बहुतांशी कुसळी, आणि खालच्या ताली जवळ एक पळस. सातबाऱ्याच्या भाषेत हा पोटखराबा. चॅम्पियनच्या सदरांत हे उतरणीस लागलेले झुडपी रान. चरकाच्या भाषेत निर्मळ जांगल देश. पुतण्या वरच्या कातळापाशी थबकला व त्याने आम्हांस हाक मारली. तेथे गुडघ्याएवढी दोन झुडपे होती. बुंधा मनगटाएवढा जाड, शेंडे शेळ्यांनी वर्षानुवर्षे खाल्लेले, आणि त्यांवर जोडीजोडीने तांबूस पाने. लहानपणापासून आम्ही त्या कातळावर बसून शिदोरी सोडीत आलो, पण ती झुडपे अंजनाची हे आम्हांस कधी कळले नाही. पुतण्या मातीत बोट घालून त्यांचे मूळ कोठवर गेले आहे ते चाचपीत बराच वेळ बसून राहिला.

घरी बंधूंनी सर्व ऐकून घेतले. खर्चाचा हिशेब त्यांचा खरा होता, आणि कातळ सपाट करून त्यातून काय पिकणार, हा आमचा प्रश्नही खोटा नव्हता. यंदाचा पावसाळा संपेपर्यंत यंत्र आणू नये असे ठरले. शेळ्यांस अटकाव करण्यास बोरीच्या काट्यांचे कुंपण घालावे की तार ओढावी, यावर पुतण्याचे व त्याच्या वडिलांचे अद्याप एकमत झालेले नाही.