तलवार म्यान करताना

धर्मग्रामातील कुटुंबांना भेटी देण्यासाठी आम्ही निघालो की चहाचा कप हाती येण्यापूर्वीच एक तक्रार हमखास कानी येते. "फादर, ह्याला तुम्हीच दोन शब्द सांगा. सारखा गेम खेळत बसतो." तक्रार जुनीच आहे. पूर्वी ती व्हिडिओ पार्लरबद्दल होती, पुढे घरच्या कॉम्प्युटरबद्दल झाली, आता मोबाइलबद्दल आहे. मुलगा खाली मान घालून बसतो आणि आम्ही काही उपदेश करावा अशी सर्वांची अपेक्षा असते. परंतु पुस्तक न वाचता त्याचे परीक्षण लिहू नये, हा साहित्यातील नियम खेळालाही लावावा असे आम्हाला वाटते. म्हणून सरसकट सर्व खेळांविषयी न बोलता, आम्हाला ठाऊक असलेल्या एकाच खेळाचे गुणदोष आज वाचकांपुढे ठेवतो. त्याचे नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया'.

जॉर्डन मेकनर ह्या अमेरिकन तरुणाने रचलेला हा खेळ १९८९ साली प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्याच वर्षी तो पीसीवर आला. आम्ही तेव्हा तरुण होतो, सेमिनरीच्या वाटेवर होतो आणि सुटीत ठाण्याला घरी येत होतो. त्या दशकात ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे स्टेशनजवळच्या इमारतींतून कॉम्प्युटर क्लासेस निघाले होते. चपला बाहेर काढून आत जायचे, आणि शिकवणी संपली की उरलेल्या पंधरा मिनिटांत मुले एका फ्लॉपीवरचा हा 'प्रिन्स' सुरू करीत. खेळ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात माहितीपुस्तिकेतले एखादे अक्षर विचारले जाई. पुस्तिका कोणाकडेच नसे, कारण खेळ विकत घेतलेला नसे. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरवलेला असे. मग कोणीतरी जाणता मुलगा त्यातून वाट काढी. आरंभी 'मेगाहिट' हा शब्द टंकित केला की पुढच्या लेव्हलवर उडी मारता येते, हे गुपितही असेच एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जात असे.

कथा अगदी साधी आहे. सुलतान युद्धावर गेला आहे. वजीर जाफर राजकन्येला सांगतो की एका तासात माझ्याशी विवाहाला राजी हो, नाहीतर मृत्यू पत्कर. तिच्यासमोर तो वाळूचे घड्याळ उलटे करून ठेवतो. तिच्यावर प्रेम करणारा तरुण तळघरातल्या अंधारकोठडीत आहे, आणि त्याच्या हाती आरंभी तलवारदेखील नाही. खेळणाऱ्याने साठ मिनिटांत त्याला बारा लेव्हल ओलांडून वरच्या महालापर्यंत न्यायचे.

पहिला गुण देहाचा. आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावून मेकनर ह्यांनी १९८५ मध्ये त्याचे चित्रण केले होते. त्या चित्रणावरून एकेक हालचाल रेखाटून त्यांनी राजपुत्र घडविला. त्यामुळे त्याला वजन आहे. धावता धावता तो एकदम थांबत नाही, दोन पावले पुढे घसरतो. उंचावरून पडला तर त्याला लागते, फार उंचावरून पडला तर तो मरतो. कळ दाबण्यापूर्वी विचार करावा लागतो, कारण एकदा घेतलेली उडी हवेत परत घेता येत नाही.

दुसरा गुण काळाचा. राजपुत्र कितीही वेळा मेला तरी लेव्हलच्या आरंभी पुन्हा उभा राहतो, पण गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. ह्याच मालिकेतील २००३ च्या खेळात काळ मागे फिरविणारा खंजीर नायकाच्या हाती आला. चूक झाली की क्षण परत फिरवायचा! त्यात मोठी गंमत आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जुन्या खेळाचा कठोरपणा आम्हाला अधिक खरा वाटतो. ७.५२ ची फास्ट चुकली की दिवसाची घडी विस्कटते, हे ज्या उपनगरांत पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक असते, तेथील मुलांना हा नियम समजावून सांगावा लागला नाही.

मात्र ज्या कारणासाठी आम्ही हा खेळ विसरू शकलो नाही, ते तिसरेच आहे.

चौथ्या लेव्हलच्या अखेरीस वाटेत अचानक एक आरसा उभा राहतो. दुसरा मार्ग नसतो. राजपुत्र धावत येऊन आरशातून उडी मारतो, आणि त्याच क्षणी आरशाच्या दुसऱ्या बाजूने त्याचीच सावली उडी मारून पळून जाते. त्याचे बळ एकाएकी ओसरते. पुढे ही सावली त्याला छळत राहते. औषधाची कुपी त्याच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकते. पुढच्या लेव्हलमध्ये ऐनवेळी दार बंद करून त्याला खाली पाडते. बाराव्या लेव्हलमध्ये दोघे समोरासमोर येतात. तलवारी निघतात. राजपुत्र वार करतो आणि रक्त त्याचेच कमी होते. त्याने सावलीला ठार केले तर तोच मरतो.

हे पात्र कसे जन्मले तेही सांगण्याजोगे आहे. ज्या ॲपल संगणकावर खेळ घडत होता त्याची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. दुसरे पात्र रेखाटायला जागाच उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राच्याच आकृतीची फिकट, सरकलेली प्रत काढून मेकनर ह्यांनी शत्रू निर्माण केला. टंचाईतून आलेल्या ह्या युक्तीत, पाप आणि पश्चात्ताप ह्यांवरच्या जाडजूड ग्रंथांत सापडावे असे काहीतरी अवतरले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौल आपल्या आतल्या ज्या झगड्याविषयी बोलतो, तो ज्यांनी मननपूर्वक वाचला आहे त्यांना ही सावली परकी वाटणार नाही.

येथे एक प्रसंग सांगतो. तो पापनिवेदनात ऐकलेला नाही, आणि ज्याचा आहे त्याच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून लिहीत आहोत. २००० सालच्या सुमारास आम्ही डोंबिवली भागात सहायक धर्मगुरू होतो. एका घरातला एकोणीस वर्षांचा मुलगा कोणाशी बोलेनासा झाला होता. एके सकाळी परीक्षेच्या निकालावरून त्याचे वडिलांशी कडाक्याचे भांडण झाले. वडील रागाने डबा न घेताच निघाले आणि लोकलमध्येच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. त्या दिवसापासून मुलगा मिस्साला येत नव्हता, जेमतेम जेवत होता, आणि रात्र रात्र जुन्या कॉम्प्युटरवर हाच खेळ खेळत होता. आईच्या मते खेळाने त्याला बिघडविले होते.

आम्ही त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसलो. तो बाराव्या लेव्हलवर अडला होता. बऱ्याच वेळाने तो पडद्याकडे पाहतच म्हणाला, "फादर, मी ह्याला मारतो आणि मीच मरतो. हे काय आहे?"

"तलवार म्यान करून बघ," आम्ही म्हणालो.

"मग तो मारेल ना मला?"

"बघ तर."

त्याने खालच्या बाणाची कळ दाबली. राजपुत्राने तलवार म्यान केली. समोरच्या सावलीनेही केली. मग तो दोन पावले पुढे गेला आणि दोघे एक झाले. मुलाने की-बोर्डवरचे हात उचलले. पुष्कळ वेळ तो काही बोलला नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "डबा दाराशी तसाच होता, फादर. दिवसभर."

वडील गेल्यापासून तो त्या सकाळीविषयी प्रथमच बोलत होता. खेळाने त्याचे दुःख हलके केले असे आम्ही म्हणणार नाही. त्यानंतर कित्येक महिने तो आमच्याकडे येत होता आणि ते महिने सोपे नव्हते. परंतु स्वतःवरच तलवार उगारून बसलेल्या एका मुलाला ती खाली ठेवता येते हे जेथे दिसले, ती जागा प्रवचनात नव्हती, त्या पडद्यावर होती. एवढे श्रेय त्या खेळाला न देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सावलीशी एकरूप झाल्यावर समोर पोकळी येते. पूल नसतो. राजपुत्राने तशाच त्या पोकळीत पाऊल टाकले की पायाखाली फरशी उमटते, दुसऱ्या पावलाला दुसरी. श्रद्धा म्हणजे काय, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना समजावताना आम्ही ह्या पुलाचा दृष्टान्त अनेकदा दिला आहे, आणि मागच्या बाकावरची मुलेही तेव्हा मान वर करतात.

आता दोष. पहिला दोष सर्वांत मोठा आहे. ज्या राजपुत्राला तलवार म्यान करण्याचे एवढे मर्म उमगले, तोच पुढच्या काही मिनिटांत ती पुन्हा उपसतो आणि जाफरला मारून कथा संपवितो. बागेत प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले, त्यानंतर पेत्राचा मार्ग बदलला. राजपुत्राचा बदलत नाही. खेळाला आपल्याच सर्वोत्तम क्षणाचा विसर पडतो. वाटेत मेलेल्या पहारेकऱ्यांना तर चेहरा नाही, नाव नाही. ते केवळ अडथळे आहेत.

दुसरा दोष शिक्षणपद्धतीचा. जमिनीतून उसळणारे सुळे, पायाखाली निखळणारी फरशी, कापून टाकणारी पाती: ह्यांतील काही सापळे प्रथम मरूनच कळतात. सावधपणाचे बक्षीस मिळावे तेथे पाठांतराचे मिळते. आणि दहा वेळा सुळ्यांवर पडलेला देह पाहिला की अकराव्या वेळी मन थरारत नाही. कोवळ्या वयाच्या मुलांच्या पालकांनी ह्याचा विचार अवश्य करावा.

तिसरा दोष राजकन्येविषयीचा. ती बहुतेक वेळ घड्याळाकडे पाहत बसते. एकदा मात्र ती एका उंदराला पाठविते आणि तो कळीवर चढून बंद दार उघडतो. साऱ्या खेळातील मायेचा प्रसंग हाच, आणि तो तिच्यामुळे घडतो. रचनाकाराने तिला आणखी वाव द्यायला हवा होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. त्यात प्रिन्सचा वारसा स्पष्ट दिसतो, पण तेथे बहीण आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघते. ही दुरुस्ती आपल्या महाराष्ट्रातून व्हावी ह्याचा आम्हाला आनंद वाटला.

ह्याच्याशीच जोडलेला दोष एकाकीपणाचा. एक उंदीर वगळता राजपुत्राला सोबती नाही. ठाण्याच्या मुलांना तुरुंगातून सुटण्याची याहून सरस गोष्ट घराजवळच मिळते. आज जेथे मध्यवर्ती कारागृह आहे त्याच ठाण्याच्या किल्ल्यात पेशव्यांचे त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत होते. एक मोतद्दार घोड्यांची निगा राखताना मराठी गाणी म्हणे. गोऱ्या पहारेकऱ्यांना ते केवळ गाणे वाटे; त्रिंबकजींना त्यात निरोप ऐकू येत. १८१६ च्या सप्टेंबरात ते निसटले. त्रिंबकजींच्या चारित्र्याची तरफदारी आम्हाला करायची नाही. पण कोणीही एकटा सुटत नाही, भिंतीबाहेर कोणीतरी गात असावे लागते, हे ह्या खऱ्या गोष्टीत आहे आणि खेळात फारच थोडे आहे.

शेवटचा दोष 'पर्शिया' ह्या नावाचा. कमानी, गालिचे, दुष्ट वजीर, एवढीच ह्यातली पर्शिया. खऱ्या इराणचा तिच्याशी फारसा संबंध नाही. आम्हा ठाणेकर कॅथलिकांना तरी तो देश परीकथेतला नसावा. टोलेन्टिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि बंधू डिमेट्रियस ह्यांनी १३२१ साली ठाण्यात श्रद्धेसाठी प्राण दिले. ते जहाजात बसले होते ते पर्शियाच्या होर्मुझ बंदरात. आपल्या मातीतील हुतात्म्यांची वाट ज्या भूमीतून आली, तिचे नाव मुलांनी केवळ एका खेळामुळे ओळखावे, ही उणीव खेळापेक्षा आपल्या धर्मशिक्षणाची अधिक आहे.

एवढे दोष दाखवूनही आम्ही हा खेळ चांगल्या कृतींत गणतो. मेकनर ह्यांच्या वडिलांना एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि २०१२ मध्ये त्यांतील मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. त्यामुळे तो खेळ कसा रचला गेला हे आजचा विद्यार्थी ओळ न् ओळ वाचू शकतो.

पालकांना आमची एक विनंती आहे. खेळाला किती वेळ द्यावा ह्याची मर्यादा घरात अवश्य असावी. पण मोबाइल हिसकावून घेण्यापूर्वी एकदा मुलाशेजारी बसा, आणि तू कोठे अडला आहेस असे विचारा. तो लेव्हलचा आकडा सांगेल. घाई करू नका. थोडा वेळ तसेच बसून राहिलात तर कदाचित आणखी काही सांगेल.