चार दिवस समुद्राचे

आपल्या हिंगोलीकडच्या बायका घराबाहेर पडतात त्या तीनच कारणांनी. देव, लग्न आणि दवाखाना. औंढ्याचा नागनाथ, नर्सीचे नामदेव महाराज, फार तर तुळजापूर-पंढरपूर. नुसतं निवांत बसायला म्हणून कुणी बाई चार दिवस परगावी गेली, असं तुम्ही ऐकलंय का कधी? म्हणूनच, दोन्ही मुलांना घेऊन समुद्रावर जाऊ या, असं मी म्हटलं तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न आला, "तिथं देव कोणता?" आणि लगेच दुसरा, "नुसतं पाणी बघायला एवढा पैसा?"

आमच्या ह्यांची तऱ्हा निराळी. त्यांना कल्पना एकदम पसंत! रात्रीतून त्यांनी यादीच तयार केली. रायगड, हरिहरेश्वर, दिवेआगर, हर्णै, आंजर्ले, गणपतीपुळे, पावस आणि येताना महाबळेश्वर. दिवस किती, तर चार!

मैत्रिणींनो, निवांत सहलीचा शत्रू कोण म्हणाल, तर हे तीन शब्द: 'आलोच आहोत तर'. आलोच आहोत तर हेही बघू, आलोच आहोत तर तेही उरकू. आमचा मोठा सात वर्षांचा, धाकटी तीन. रोज नवा मुक्काम म्हणजे रोज पिशव्या भरा, ओले कपडे वेगळे बांधा, दूध कुठं मिळतं ते शोधा, धाकटीला गाडीत झोपवा नि उतरताना उठवा. ही कामं कुणाच्या वाट्याची, ते तुम्हाला सांगायला नकोच. पुरुषाची सहल होते, पोरांची फरफट होते आणि बाईचा संसार तेवढा चाकांवर चढतो. मी यादीवर पेन्सिल ठेवली आणि म्हटलं, "मुक्कामाचं गाव एकच. बाकीची पुढच्या वर्षी."

समुद्राचं एक बरं असतं. तिथं तिकीट नाही, रांग नाही, बघून संपलं असं नाही. वाळू हेच खेळणं. तीन वर्षांची पोर आणि अडुसष्ट वर्षांची आजी एकाच जागी दोन-दोन तास रमतात, असं दुसरं ठिकाण मला तरी ठाऊक नाही.

आम्ही निवडलं दापोलीजवळचं मुरूड. इथं एक लक्षात ठेवा. कोकणात ह्या नावाची दोन प्रसिद्ध गावं आहेत. जंजिऱ्याचं मुरूड रायगड जिल्ह्यात. हे रत्नागिरी जिल्ह्यात, हर्णै बंदराजवळ. खोली ठरवताना जिल्हा विचारून घ्या. आमचं मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. १९१६ साली ज्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं, त्या अण्णांचं बालपण इथलं. सासूबाईंना मी तेच सांगितलं. "देवाचं सांगता येत नाही आई, पण बायकांना शिकवा म्हणणारा माणूस ह्या गावचा." त्या काही बोलल्या नाहीत, पण आपली पिशवी त्यांनी आमच्याआधी भरून ठेवली.

आता जायचं कधी? मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून कोकण आठवतं. पण तिथला घाम लहान मुलांना सोसत नाही, आणि महिनाअखेरीला समुद्र खवळायला लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही नाताळचा आठवडा टाळा. गर्दी असते आणि भाडी चढलेली असतात.

तारीख ठरवताना मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली उतरवलं. १९७३ पासून हे कॅलेंडर निघतंय. आपण त्यात एकादश्या, चतुर्थ्या बघतो आणि दुधाचा हिशेब लिहितो. पण समुद्राचं वेळापत्रकही त्यात असतं बरं! कोकणातल्या लोकांचा जुना हिशेब असा: शुद्ध असो की वद्य, तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता साधारण भरती पूर्ण होते, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. तिथून सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण. रोज ही वेळ पाऊण-एक तासानं पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, थोडं मागंपुढं होतं. मुक्कामाच्या घरी नेमकी वेळ विचारावी.

ह्याचा आपल्याला उपयोग काय? अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं. दुपारी बाराच्या सुमारास पाणी भरतं आणि संध्याकाळी, लोक हौसेनं पाण्यात उतरतात नेमकं तेव्हा, ते जोरानं आत ओढत परत निघालेलं असतं. अष्टमीच्या आसपास मात्र चढउतार सर्वांत कमी. त्याला भांगाची भरती म्हणतात. शिवाय त्या दिवसांत दुपारनंतर पाणी किनाऱ्याकडे येत असतं. म्हणून आम्ही दिवाळीनंतरची कार्तिक शुद्ध षष्ठी ते नवमी धरली. सकाळी ओहोटीनं मोकळी झालेली लांबरुंद वाळू खेळायला, संध्याकाळी येणारं पाणी पाय भिजवायला. आणि कार्तिकी एकादशीच्या आत घरी, म्हणून सासूबाईही खूश. मोठ्याची शाळा दोन दिवस बुडली. मी स्वतः अर्धवेळ शिक्षिका, तरी सांगते, बुडू द्यावी.

तिथी बघता-बघता आपली तारीखही आठवते, नाही का? देवदर्शनाला निघताना पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेणाऱ्या कितीतरी जणी मी बघते, तेही डॉक्टरांना न विचारता. ह्या सहलीला ती कटकट नाही. समुद्राला सोवळं-ओवळं नाही. आली तर आली; आपण वाळूत सावलीला बसायचं.

प्रवास लांबचा आहे, तेव्हा तो तोडूनच करावा. हिंगोलीहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुणे. आपल्याकडच्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी आता पुण्यात असतंच. तिथं एक दिवस आणि एक रात्र विसावा. दुसऱ्या सकाळी एसटीनं दापोली, पाच-सहा तास. तिथून मुरूड दहा-बारा किलोमीटर. एसटीत एक गंमत झाली. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणून मी आणि सासूबाई अर्ध्यात. मोठा पाच ते बारा वर्षांतला, म्हणून अर्ध्यात. धाकटी फुकट. अख्ख्या घरात पूर्ण तिकीट काय ते एकट्या ह्यांचं! मुंबईवरून जाणार असाल, तर कोकण रेल्वेनं खेडला उतरावं. दापोली तिथून तीसेक किलोमीटर. रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला तर भाडं पूर्ण पडतं, हे हिशेबात धरा.

घाटात मुलांना गाडी लागते. पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. आलेपाक, आवळासुपारी, दोन-चार प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि ओला नॅपकिन हाताशी ठेवावा. वाटेसाठी मी दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली. बस्स. स्टो नाही, पोळपाट नाही, डाळ-तांदूळ नाहीत. कारण तिथं जाऊनही तीन वेळा स्वयंपाकच करायचा असेल, तर तो आपल्या ओट्यावर केलेला काय वाईट?

हॉटेलापेक्षा घरगुती निवासाची सोय बघा. 'निवास व न्याहारी' योजना आहे, त्याखेरीजही कोकणात पुष्कळ घरांतून खोल्या देतात नि जेवू घालतात. फोनवर चार गोष्टी विचाराव्यात: किनारा पायी किती मिनिटांवर, मध्ये मोठा रस्ता आहे का, आंघोळीला गरम पाणी मिळतं का, आणि शाकाहारी स्वयंपाक वेगळा असतो का. आमच्या माळकरी सासूबाईंमुळे शेवटचा प्रश्न मी दोनदा विचारला. मिळालं ते घर शुद्ध शाकाहारी. तांदळाची भाकरी, आंबोळ्या, सोलकढी, एका दुपारी उकडीचे मोदक. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली आमची पोरं पहिल्या दिवशी बावरली, दुसऱ्या दिवशी मागून खायला लागली. त्या घरच्या बाईंना मी वसमतची हळद नेली होती. येताना त्यांनी आमसुलं आणि कुळथाचं पीठ बांधून दिलं.

आता जरा गंभीर होऊन वाचा. आपण धरणाकाठची माणसं. सिद्धेश्वरचं, इसापूरचं पाणी आपण पाहिलेलं असतं, आणि विहिरीत पोहलेल्या पुरुषांना वाटतं, आपल्याला काय भीती! पण समुद्राचं पाणी ओढतं. १ फेब्रुवारी २०१६ ला जंजिऱ्याच्या मुरूडला पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले चौदा विद्यार्थी बुडाले. तरणीताठी मुलं! म्हणून आमच्या घरचे नियम मी निघण्याआधीच सांगितले, आणि ते मोठ्यांनाही लागू. ओहोटी लागली की पाण्याबाहेर. मुलांनी स्वतःच्या गुडघ्याच्या वर पाणी घ्यायचं नाही. धाकटी नेहमी कुणाच्या तरी हाताच्या अंतरावर, आणि तो 'कुणीतरी' कोण, हे नाव घेऊन ठरवायचं. 'सगळ्यांचं लक्ष आहे' म्हणजे कुणाचंच नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतोय, तर तो पट्टा सर्वांत वाईट; तिथूनच पाणी आत जात असतं. नेमके तिथंच नवखे लोक पोरं घेऊन उतरतात. जीवरक्षक किंवा गावातला कोळी नको म्हणाला, तर हुज्जत घालू नये. वाळूवर गाड्या पळवणारेही असतात, तिकडेही एक डोळा हवा. काही झालंच तर ११२ हा नंबर.

सामान थोडंच, पण उपयोगी न्यावं. एक जुनं सुती लुगडं: काठ्यांना बांधलं की सावली, अंथरलं की बैठक. प्रत्येकाला टोपी. पोहे-साखरेचे रिकामे प्लॅस्टिकचे डबे. किल्ल्याला त्याहून चांगले साचे नाहीत. ओआरएसची पाकिटं, ओवा, मुलांचं तापाचं औषध. टाल्कम पावडर तर विसरूच नका. वाळूनं माखलेल्या पायांवर भुरभुरली की वाळू हातानं झटकून निघते, पोर रडत नाही. खाऱ्या पाण्याचे कपडे आधी गोड्या पाण्यात खळबळून मगच साबण लावावा, नाहीतर फेसच येत नाही. उन्हाचं म्हणाल, तर सकाळी साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर. मधला वेळ सगळ्यांनी झोपायचं. होय, आईनंसुद्धा.

हे शेवटचं सर्वांत अवघड. मुलांचं कुणी ना कुणी बघतंच, सासूबाईंना मान मिळतो, ह्यांना वर्तमानपत्र मिळतं. आईला रजा कुणी द्यायची? ती आपोआप मिळत नाही, आधी मागून घ्यावी लागते. आमचं घरीच ठरलं होतं: सकाळची वाळू ह्यांच्याकडे, संध्याकाळचं पाणी दोघांकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी हे दोन्ही पोरांना घेऊन किल्ला बांधत बसले, आणि सासूबाई मला म्हणाल्या, "चल, आपण दोघी जरा पुढं जाऊन येऊ." हर्णैच्या दिशेनं आम्ही कितीतरी चाललो. लुगड्याचा ओचा वर खोचून त्या पाण्याच्या कडेनं चालत होत्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आम्ही दोघी कामाशिवाय कुठं अशा चाललोच नव्हतो. मध्येच थांबून म्हणाल्या, "तुझे सासरे असते तर त्यांनाबी आणलं असतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "मला तरी कुठं सुचलं म्हणा." एवढंच. पैशाचा प्रश्न त्यांनी त्यानंतर काढला नाही.

ह्यांच्या यादीतली सगळी गावं राहिली. वेळासला नि आंजर्ल्याला उन्हाळ्याच्या तोंडाशी कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, तेही राहिलं. राहू द्या. काहीतरी राहिलं म्हणजेच पुन्हा जायला निमित्त.

तुमचं मुरूडच असायला हवं असं नाही. गुहागर असेल, दिवेआगर असेल, नाहीतर नुसतं अलिबाग. गाव एक धरा, दिवस मोकळे ठेवा आणि घरातल्या पुरुषाशी कामाच्या वाटण्या निघण्याआधी करा. आज दुपारची भांडी आवरली की कॅलेंडर खाली उतरवा, कार्तिकातली नाहीतर पौषातली अष्टमी शोधा आणि तिच्याभोवती पेन्सिलीनं गोल करून ठेवा. पैसे हळूहळू साठतील. तारीख मात्र आधी ठरायला हवी, नाहीतर तो आठवडा कुणाच्या तरी लग्नात जातो.