बल्ब चांगला, वायर चांगली, तरी अंधार

नव्या वायरिंगचे पैसे गेले ते गेले. पण गाडीतून काढलेली जुनी वायरिंग वायरमननं मला परत दिली नाही, हे अजून मनातून जात नाही. ती वायरिंग धडधाकट होती, हे पुढं कळलं.

गाडी जुनी, दहा टायरची, एमएच 21. जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरायची, मंठा, जिंतूर, परभणीकडं खाली करायची, येताना मिळेल तो माल आणायचा. आठ वर्षांवरच्या गाडीचं फिटनेस दरवर्षी काढावं लागतं. त्यासाठी मागचा गंजलेला बंपर काढून नवा बसवला, त्यावर रेड ऑक्साइड मारलं, वरून रंग दिला. गाडी पास झाली, आणि पहिल्या पावसानंतर मागच्या लाइटांनी छळायला सुरुवात केली. पार्किंगला लाल दिवे मिणमिणायचे. ब्रेक दाबला की उजळायच्या ऐवजी तेही विझायचे. साइड दिली तर इंडिकेटरबरोबर लाल दिवाही मिचमिचायचा. वाटूर फाट्याच्या अलीकडं एका रात्री मागच्या ट्रकवाल्यानं डिपर मारून मारून मला थांबवलं. म्हणाला, "मालक, तुमच्या गाडीला मागं काहीच नाही. ब्रेक मारला ते कळलंच नाही." त्याच्या आवाजातला राग खरा होता. दुमडलेल्या सळईनं भरलेली गाडी, तिच्यावर कुणी मोटारसायकलवाला आदळला असता तर?

दुसऱ्या दिवशी वायरमनकडं गेलो. त्यानं काय केलं ते सविस्तर सांगतो, कारण सगळं इथंच बिघडलं. त्याच्याकडं लांब वायरीचा टेस्ट बल्ब होता. त्याची चिमटी त्यानं चेसिसच्या पुढच्या भागावरच्या एका स्वच्छ बोल्टला लावली आणि दुसरं टोक मागच्या होल्डरमधल्या कॉन्टॅक्टला टेकवलं. बल्ब झगझगीत पेटला. "करंट येतोय," तो म्हणाला, "होल्डर गेला." होल्डर बदलला, फरक नाही. मग फ्लॅशर बदलला, मग ब्रेकचा स्विच. शेवटी म्हणाला, "वायरिंग आतून शॉर्ट आहे, पूर्ण टाकावी लागेल." मी विचारलं, शॉर्ट असेल तर फ्यूज का उडत नाही? "जुन्या गाडीचं असंच असतं," एवढंच उत्तर. नवी वायरिंग पडली. ब्रेक दाबला, दिवे तसेच विझले. त्यावर तो म्हणाला, आता बॅटऱ्या बघा. जुनी वायरिंग मागितली तर म्हणाला, "ती भंगारात गेली." जालन्यात भंगाराचा भाव शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो आणि त्या वायरिंगमध्ये तांबं होतं.

दोष सापडला अंबड चौफुलीकडं बसणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रीकडं. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी बल्ब काढला नाही की होल्डर उघडला नाही. एक लांब वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला बांधलं, दुसरं दिव्याच्या लोखंडी बॉडीवर खरडून टेकवलं. मला म्हणाले, "भाऊ, ब्रेक दाब." मागं लख्ख लाल उजेड पडला. वायर उचलली की अंधार, टेकवली की उजेड.

दोन्ही बाजूंच्या दिव्यांची अर्थ नव्या बंपरच्या एकाच बोल्टवर होती, आणि त्या बोल्टखाली रेड ऑक्साइड अन् रंगाचा थर होता. रंगातून करंट जात नाही. पाऊस पडला, गंज धरला, उरलासुरला संपर्कही गेला. 24 व्होल्टच्या गाडीत 21 वॅटचा ब्रेकचा बल्ब एक अँपियरच्या जवळपास करंट ओढतो. त्याला परतीचा रस्ता बंद असला की तो शेजारच्या बल्बाच्या तारेतून वाट काढतो, म्हणून एका दिव्याबरोबर दुसराही मिचमिचायचा. आणि पहिल्या वायरमनचा टेस्ट बल्ब पेटणारच होता, कारण त्यानं अर्थ भलतीकडूनच घेतली होती. बिघडलेला बोल्ट त्याच्या तपासणीत आलाच नाही. चाचांनी बोल्ट खोलला, पॉलिश पेपरनं चेसिसचं लोखंड चकाकेपर्यंत घासलं, दातेरी वॉशर घालून आवळलं, वरून ग्रीस लावलं. पैसे घेतले चहापाण्याएवढे.

त्या दिवशी मला वाटलं, पहिल्यानं ठरवून लुटलं. आता तसं वाटत नाही. तो लहानपणापासून दुकानात राबून शिकला. करंट येतो कुठून हे त्याला दाखवलं गेलं, जातो कुठून हे नाही. गाडीवालाही डोक्यावर उभा, लवकर कर, माल पोचवायचाय म्हणत. तरी तांबं ठेवून घ्यायला कुठलं शिक्षण कमी पडलं, हे मात्र मला कळत नाही.

दिवाळीनंतर अंकुशनगर, तीर्थपुरीच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्या सुरू होतात. त्यांतल्या कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाल दिवाच नसतो. तिथं निदान दिवा नाही हे दिसतं तरी. माझ्यासारख्या गाडीत पार्किंग लागलेलं दिसतं आणि ऐन ब्रेकच्या वेळी अंधार होतो. ते जास्त वाईट.

गाडीवाल्यांनो, ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे मंद होत असतील तर लगेच वायरिंग बदलू नका. आधी दिव्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक वायर टेकवून बघा. पासिंगला रंग मारताना अर्थच्या बोल्टखालची जागा कोरी ठेवायला सांगा. आणि वायरिंग बदलावी लागलीच, तर जुनी समोर उभं राहून मागून घ्या.