शाल-श्रीफळाच्या आधी

२०२४ च्या शिक्षकदिनाची गोष्ट आहे. आठ दिवस आधी फोन आला. पलीकडे माझाच एक जुना विद्यार्थी, आता गडचिरोली जिल्ह्यातल्या त्याच शाळेचा मुख्याध्यापक. "सर, यंदा शिक्षकांचा सत्कार नाही करत. शिपाई आणि पोषण आहाराच्या बायकांचा करतो. तुम्ही पाहुणे म्हणून या आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा उत्साह कसा टिकवावा यावर दोन शब्द बोला."

मी हो म्हणालो. कल्पना चांगलीच होती. पण फोन ठेवल्यावर काही केल्या सुचेना काय बोलावे. शिक्षक म्हणून चौतीस वर्षे काढली, त्यात शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. या विषयावर बोलायचा अधिकार मला आहे का, असा प्रश्न पडला. त्या रात्री झोप लागली नाही. सारखे मामा डोळ्यांसमोर येत होते.

मामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. मुले मामा म्हणत म्हणून सगळेच मामा म्हणत. वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठे. तरी मी त्यांना 'अरे' म्हणायचो. माझेच कशाला, बी.एड. होऊन नुकताच लागलेला बावीस-तेवीस वर्षांचा मास्तरही 'अरे मामा, पाणी आण' म्हणायचा. कुणाला त्यात काही वावगे वाटत नसे. मलाही वाटले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी १९७४ मध्ये या भागात आलो तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. तोवर शाळेचा प्रत्येक कागद चंद्रपूरला जायचा. पावसाळ्यात नाला भरला की एसटी अलीकडेच थांबायची, मग डाक घेऊन मामा कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे जायचे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डोक्यावर. आम्ही व्हरांड्यात उभे राहून पाहायचो.

शिपायाचे काम काय, असे कुणी विचारले तर आपण म्हणतो घंटा वाजवणे, झाडलोट, पाणी भरणे, डाक पोचवणे. हे सगळे मामा करायचेच. आमची घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तिचा आवाज पलीकडच्या टोल्यापर्यंत जायचा. पावसाळ्यात वर्ग उघडला की बाकाखाली साप असे, तोही मामाच काढायचे. दहावीच्या परीक्षेत बाक लावणे, नंबर टाकणे, निवडणुकीत शाळेचे मतदान केंद्र झाले की दोन दिवस मुक्काम. उन्हाळ्याची सुटी आम्हाला, मामांना नाही. आम्ही गावाकडे गेलो की कार्यालय तेच उघडायचे.

पण त्यांचे एक काम कुठल्याच नियमावलीत नव्हते. आमच्याकडे पाचवीत येणारी बरीच मुले घरी गोंडी बोलणारी. मी वर्धेकडचा माणूस, मराठी घेऊन बी.ए. झालेला. मला गोंडीतला एक शब्द येत नव्हता. पहिल्या वर्षी एक मुलगा तासाला सारखा 'येर, येर' म्हणत होता. मला वाटले चेष्टा करतो, आणि मी त्याला उभे केले. मामा खिडकीतून म्हणाले, "गुरुजी, पाणी मांगून राहिला जी तो. येर म्हंजे पाणी." मुलाला ताप होता. त्यानंतर कितीतरी वर्षे असेच चालले. मी वर्गात मराठीतून सांगायचो, मुलांचे चेहरे कोरे दिसले की मामांना हाक मारायचो. ते झाडू भिंतीला टेकवून दारात उभे राहायचे आणि चार वाक्यांत समजावून सांगायचे. मोहाच्या दिवसांत मुले शाळा सोडून पहाटे मोहफुले वेचायला जात. त्यांच्या घरी जाऊन, आईबापाशी त्यांच्या भाषेत बोलून त्यांना परत आणायचेही मामाच. शाळेचा पट टिकला म्हणून आम्हा शिक्षकांच्या जागा टिकल्या. त्याचे श्रेय आमच्या अहवालात आमच्या नावावर आहे.

आमच्या शाळेत दरवर्षी २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी व्हायची. मी झाडूच्या महतीवर भाषण करायचो. बरे बोलायचो, लोक ऐकायचे. ते भाषण चालू असताना मामा मागे खराटा घेऊन उभे असत, कारण कार्यक्रम संपल्यावर पटांगण झाडायचे असे. गाडगेबाबा आमच्याच विदर्भातले. ते स्वतः आधी झाडायचे आणि मग बोलायचे. वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली, त्यातून नई तालीम उभी राहिली. तिथे सफाई हा मुलांच्या आणि गुरुजींच्या शिक्षणाचाच भाग होता. जपानातही शाळेतली मुले आपले वर्ग आपणच झाडतात. हे सगळे मी मुलांना शिकवले. खराटा मात्र मामांच्याच हातात राहिला.

आता खरी गोष्ट.

मी १९९७ मध्ये मुख्याध्यापक झालो. कपाटाचा ताबा घेताना त्यात मामांचा एक प्रस्ताव सापडला. बारा वर्षे एकाच पदावर काम केलेल्याला वरची वेतनश्रेणी मिळण्याची योजना आली होती, तिचा. तो अडकला होता एका साध्या कारणाने. सेवापुस्तिकेतल्या जुन्या दोन वर्षांच्या नोंदींवर तेव्हाच्या मुख्याध्यापकांची सही नव्हती. हजेरीपट काढायचे, नोंदी पडताळायच्या, आपली सही करायची आणि जिल्ह्याला पाठवायचे. दोन दिवसांचे काम. लिपिक म्हणाले, "सर, हे एकदा बघून घ्या." मी म्हणालो, "बघू."

माझ्या स्वतःच्या निवडश्रेणीच्या प्रस्तावासाठी मी जिल्ह्याला पाच चकरा मारल्या होत्या. टेबलाटेबलाने कागद पुढे सरकवला होता. मामांच्या कागदासाठी मी एकही चक्कर मारली नाही. माझ्या मनात त्यांच्याविषयी आकस होता असे मुळीच नाही. उलट मला ते आवडायचे. दिवाळीला मी त्यांना धोतरजोडी द्यायचो आणि लोकांत सांगायचो की मामा म्हणजे शाळेचा कणा. फक्त ते काम आजच्या दिवसात कधी बसले नाही. जो माणूस तक्रार करत नाही त्याचा कागद नेहमी खालीच जातो.

चार-सहा महिन्यांनी मामा दारात उभे राहायचे. आत यायचे नाहीत. "गुरुजी, त्या कागदाचं काही झालं का जी?" मी मान वर न करता म्हणायचो, "होईल." "हव जी," म्हणून ते जायचे.

१९९९ मध्ये त्यांची मुलगी बारावी झाली. आमच्याच शाळेची मुलगी, अक्षर मोत्यासारखे. गोंडी आणि मराठी दोन्ही चांगले यायचे. डी.एड.ला नंबर लागण्यासारखे गुण होते. तशी शिक्षिका या भागाला मिळाली असती तर पाचवीतल्या मुलांना दारातल्या दुभाष्याची गरज राहिली नसती. मामा आले. या वेळी दोनदा विचारले. "पोरीले शिकवाचं होतं जी. पैसे येतीन का दिवाळीपावतर?" मी म्हणालो, "होईल, होईल."

झाले नाही. मुलगी गेली नाही. पुढच्या वर्षी तिचे लग्न झाले.

कागद शेवटी २००१ मध्ये गेला. तोही मी पाठवला म्हणून नव्हे, तपासणीला आलेल्या साहेबांनी सेवापुस्तिका उघडल्या म्हणून. सगळी थकबाकी एकदम आली. मामा दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन घरी आले आणि माझ्या पाया पडले. मी पेढा खाल्ला. आजही तो दिवस आठवला की घशात काहीतरी अडकते.

२००६ मध्ये साठ पूर्ण झाल्यावर ते निवृत्त झाले. आम्ही शाल-श्रीफळ दिले, मी दहा मिनिटे बोललो. करोनाच्या आदल्या वर्षी ते गेले. मला उशिरा कळले.

तर शिक्षकदिनी मी त्या शाळेत गेलो. शिपायाचे पद आता तिथे नाही. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खाजगी अनुदानित शाळांतली ही पदे, जुना माणूस निवृत्त झाला की संपतात. त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता मिळतो. ग्रामीण भागात महिन्याला ५००० रुपये. त्यात एक तरुण सगळे करतो. त्याला सेवापुस्तिका नाही, रजा नाही, निवृत्तीवेतन नाही. मामांचा कागद निदान कपाटात तरी होता. याच्या नावाचा कागदच नाही.

शेजारी खिचडी शिजवणाऱ्या तीन बायका बसल्या होत्या. सरकारी भाषेत स्वयंपाकी तथा मदतनीस. केंद्राने २००९ मध्ये त्यांचे मानधन महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहा महिने. राज्याने वाढवत वाढवत २०२३ मध्ये ते २५०० रुपयांवर नेले. सकाळी तांदूळ निवडण्यापासून दुपारी भांडी घासण्यापर्यंतचे हे मोल. शंभर मुलांना दोन बायका असे प्रमाण.

त्या तिघींपैकी मधली उठून माझ्याजवळ आली आणि पाया पडली. "ओळखलं का जी गुरुजी?" मी ओळखले नाही. तिने बापाचे नाव सांगितले. मला उठून उभे राहावे लागले. ती म्हणाली, "बाबा नेहमी सांगत होते, गुरुजींनंच कागद केला म्हणून आपल्याले पैसे भेटले."

मी भाषणाचे टिपण खिशातच ठेवले. उभा राहिलो आणि वर सांगितली तीच हकीकत जशीच्या तशी सांगितली. मुलगी समोर बसली होती म्हणून डी.एड.चेही सांगितले. तिला ते ठाऊक नव्हते. ती खाली मान घालून पदराशी चाळा करत राहिली. क्षमा मागितली, पण ज्याची मागायची तो माणूस तिथे नव्हता.

मग शिक्षकांना चार गोष्टी सांगितल्या. त्यात विशेष काही नाही, पण इथे लिहून ठेवतो. सभेत त्यांनाही खुर्ची द्या आणि विचारा, कारण कुठल्या घरात काय चालले आहे ते तुमच्याआधी त्यांना कळते. वयाने मोठ्या माणसाला अहो म्हणा. घरचे दूध, दळण, किराणा त्यांच्याकडून आणवू नका, मी आणवला आहे. रोवणीच्या दिवसांत ज्याला शेतावर जायचे आहे त्याची आळीपाळी आधीच लावून द्या, त्याला खोटे बोलायला लावू नका. चांगले काम दिसले की तोंडाने म्हणाच, पण नोंदवहीत लिहून खाली सहीही करा. आणि त्यांचा कागद आपल्या कागदाच्या वर ठेवा. शाल-श्रीफळ त्यानंतर. मला वाटते, माणसाचा उत्साह भाषणाने वाढतो त्यापेक्षा 'होईल' या शब्दाने जास्त खचतो.

कार्यक्रम झाला. सत्कार झाले, फोटो झाले. चहाच्या वेळी मी मामांच्या मुलीला विचारले, "मानधन वेळेवर येते का?" ती हसली. म्हणाली, "तीन महिन्यांचं यायचं आहे जी. माझ्या खात्याचा नंबर जुळून नाही राहिला म्हणतात."

मी मुख्याध्यापकाकडे पाहिले. चांगला मुलगा आहे. सत्काराची कल्पना त्याचीच, शालीही त्याने स्वतःच्या पैशाने आणल्या होत्या. तो म्हणाला, "हो सर, तालुक्याला दुरुस्तीचे पत्र द्यायचे आहे. होईल."

मी कप खाली ठेवला. म्हणालो, "आत्ता लिही. मी बसतो."

त्याला थोडे अवघडल्यासारखे झाले असावे. पण त्याने कार्यालय उघडले, तिचे पासबुक मागवले. एक आकडा चुकला होता. पत्र लिहायला पंधरा मिनिटे लागली. सही झाली, शिक्का बसला. परतीच्या एसटीला अजून वेळ होता आणि तालुक्याचे गाव माझ्या वाटेवरच होते. मी ते पत्र मागून घेतले, घडी न घालता पिशवीत ठेवले आणि जाताना कार्यालयात देऊन पोच घेतली.

पोच त्याला पाठवली. तिची एक झेरॉक्स माझ्याकडे आहे. पैसे दिवाळीच्या आधी जमा झाले असे तिने फोन करून सांगितले. फोनवर ती म्हणाली, "धन्यवाद जी गुरुजी." मी तिला म्हणालो, "धन्यवाद नको म्हणू, बाई." पुढे काय बोलावे ते मला कळले नाही, म्हणून तिच्या मुलांचे शिक्षण कुठवर आले ते विचारले. धाकटी यंदा दहावीला आहे म्हणाली.