रोक्का यारदू?

२०२४ च्या डिसेंबरात बेळगाव काँग्रेसला शंभर वर्षे झाली. त्या वेळी मी बडोद्याहून गावी आलो होतो. नातवाला टिळकवाडीतली काँग्रेस विहीर दाखवायला नेले. विहिरीत डोकावून झाल्यावर त्याने विचारले, "आजोबा, अधिवेशनाला तिकीट होतं का हो?"

मला हसू आले. पण प्रश्न खोटा नव्हता. तिकीट नव्हते, पण शुल्क होते. प्रतिनिधी म्हणून मंडपात बसायचे तर पैसे भरावे लागत.

हा विषय आमच्या घरात जुना आहे. माझे आजोबा त्या अधिवेशनात स्वयंसेवक होते. वय सोळा, काम पाणी वाहण्याचे. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ हे दोन दिवस त्यांनी जन्मभर पुरवून पुरवून सांगितले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले ते एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे स्वागताध्यक्ष आणि स्वयंसेवकांवर डॉ. हर्डीकरांची शिस्त. गांधीजींसाठी साडेतीनशे रुपये खर्चून खादीची कुटी उभारली, तर ती पाहून ते खूष होण्याऐवजी खर्चाबद्दलच बोलले! प्रतिनिधी शुल्क दहा रुपयांवरून एक रुपयावर आणण्याची गोष्टही याच बेळगाव काँग्रेसशी जोडलेली आहे. आजोबा ती सांगताना दोन्ही हातांची बोटे पसरत आणि मग एकच बोट वर ठेवत. "दहाचा एक!"

आज्जी गोकाककडची. ती चुलीपाशी बसून हे ऐकायची आणि दर वेळी तेच विचारायची, "रोक्का यारदू?" म्हणजे पैसे कुणाचे?

आजोबा चिडत. "किती होते ते महत्त्वाचं. कुणाचे ते काय विचारतेस?"

आज्जी गप्प बसायची. तिचा प्रश्न मला कळायला मात्र नंदेसरीला जावे लागले.

बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या जीआयडीसीत मी तीस वर्षे नोकरी केली. रसायनांचे कारखाने, तीन पाळ्या आणि कपड्यांतून कधी न जाणारा वास. आमच्या प्लँटमध्ये ठेकेदाराकडचा एक कामगार होता. जवळच्याच गावातला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मला 'काका' म्हणायचा. तो एका पक्षाचे काम मनापासून करी. १९९३ साली त्या पक्षाच्या अधिवेशनासाठी तालुक्यातून प्रतिनिधी म्हणून त्याची निवड झाली. गडी आनंदाने फुलून गेला. ठेक्यावरच्या माणसांना हातमोजे मिळत नाहीत, पगाराची चिठ्ठी मिळत नाही, हे तो तिथे मांडणार होता. मला गुजरातीत वाचूनही दाखवले त्याने.

मग शुल्काचा कागद आला. शुल्क आणि प्रवास मिळून त्याची पंधरा दिवसांची मजुरी जात होती. तो माझ्याकडे आला. जूनचा महिना, मुलांच्या शाळेची फी भरायची होती. मी म्हटले, "या महिन्यात नाही रे जमणार." अगदीच जमले नसते असे नाही, हे आज कबूल करतो.

चार दिवसांनी कळले, त्याचे आणि आणखी तिघांचे पैसे ठेकेदाराने भरले.

तो अधिवेशनाला गेला, परत आला. हातात कापडी पिशवी, खिशाला बिल्ला. मी विचारले, "बोललास का?" तो बॉयलरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, हात वर करायचे होते, तेवढे केले." पुढे त्याने तो विषय काढला नाही, आणि मला 'काका' म्हणणेही हळूहळू कमी झाले.

त्या दिवशी आज्जी आठवली. रोक्का यारदू?

शुल्क घेणेच चूक, असे मी म्हणणार नाही. मंडप, जेवण, पाणी यांना पैसा लागतो. तो सभासदांनी दिला नाही तर कुणीतरी मोठा माणूस देणार, आणि मग अधिवेशन त्याचे होणार. पण शुल्क इतके ठेवले की गरीब प्रतिनिधीला ते झेपत नाही, तरीही होते तेच. कुणीतरी मोठा माणूस पुढे येतो, आणि प्रतिनिधी त्याचा होतो. कॅनडासारख्या श्रीमंत देशातही २००६ साली यावरून वाद झाला. पक्षाच्या अधिवेशनाचे शुल्क ही देणगी समजायची की नाही? देणगी म्हटली तर देणाऱ्याचे नाव नोंदवावे लागते. शेवटी प्रश्न आज्जीचाच.

बेळगावात गांधीजींनी याहून वेगळी वाट काढून पाहिली. १९२० च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसची सभासद वर्गणी वर्षाला चार आणे होती. बेळगावात ठरले की पैशांऐवजी महिन्याला दोन हजार वार सूत द्यावे. श्रीमंताची थैली आणि गरिबाची पावली, दोन्ही बाजूला. द्यायचे ते हाताचे कष्ट. पण त्यातही फट राहिली. ज्याला कातायचे नसेल त्याने दुसऱ्याने कातलेले सूत दिले तरी चालत होते. १९२५ सालीच चार आण्यांचा पर्याय परत आला.

म्हणून मला वाटते, नियम कितीही करा, फट राहतेच. ती बुजवायची तर पाठवणाऱ्यांनीच बुजवावी लागते. आमच्या प्लँटमध्ये ठेक्यावरचे आणि कायम मिळून साठ-सत्तर माणसे होतो. प्रत्येकाने एका वेळचा चहा-नाश्ता सोडला असता तरी त्याचे शुल्क भरले गेले असते. मग तो आमचा प्रतिनिधी म्हणून गेला असता, आणि परत आल्यावर आम्ही त्याला हक्काने विचारले असते, "बोललास का?" मी विचारले खरे, पण कोणत्या हक्काने? माझा एक रुपयाही त्यात नव्हता.

विहिरीच्या काठावर नातवाला एवढे सगळे सांगितले नाही. इतकेच म्हटले, "तिकीट नव्हतं, शुल्क होतं. आधी दहा रुपये, मग एक."

तो बेळगावातच वाढलेला, शाळेत कन्नड शिकणारा. पटकन म्हणाला, "ओंदे रुपायी? मग ते तर कुणीपण स्वतःचं भरेल!"

आजोबा बोटे पसरून जे सांगत आणि आज्जी चुलीपाशी बसून जे विचारी, ते या पोराने एका वाक्यात जोडून टाकले.