अण्णांचा 'एस'

अण्णा हजारेंच्या राळेगणसिद्धीत पाहुण्यांना गाव दाखवताना माझं इंग्रजी पहिल्याच वाक्यात चुकायचं, आणि मला त्याचा पत्ताही नसायचा. यादवबाबांच्या मंदिरापाशी मी ऐटीत सांगायचो, 'अण्णा लिव्ह इन द टेंपल.' 'लिव्ह्ज' म्हणायला जीभच वळत नसे. उभं गाव 'अण्णा राहतात', 'अण्णा आले' म्हणतं. तिथे तो शेपटीचा 'एस' मला थेट अरेतुरेवर आल्यासारखा वाटायचा. खरं तर इंग्रजीनेही असा मान ठेवलेला आहे. एकट्या माणसालाही 'यू आर' म्हणतात, ते मुळातलं अनेकवचनच. जुनं एकवचनी 'दाऊ आर्ट' मागे पडलं. पण ही सवलत समोरच्यापुरती. तिऱ्हाईत झाला की पंतप्रधानांनाही 'एस' लागतो.

हे कळल्यावर मी दिसेल तिथे 'एस' चिकटवू लागलो. १९७५ साली अण्णा सैन्यातून परतले, मग श्रमदान, नालाबंडिंग, पाझर तलाव, हे सांगता सांगता 'द पीपल ऑफ द व्हिलेज वर्क्स टुगेदर' असं ठोकून द्यायचो. क्रियापदाच्या शेजारी 'व्हिलेज' बसलंय ना, मग तोच कर्ता! 'पीपल'ला 'एस' नसूनही ते अनेकवचन, हे डोक्यात शिरायला फार वेळ लागला. विहिरींनीही छळलं. 'ए नंबर ऑफ वेल्स' म्हटलं की 'हॅव', 'द नंबर ऑफ वेल्स' म्हटलं की 'हॅज'. विहिरी त्याच, पाणी तेच.

पावसाच्या बाबतीत मात्र मला सबब नाही. पारनेर तालुका अवर्षणाचा, 'फोर हंड्रेड मिलिमीटर्स ऑफ रेन आर नॉट इनफ' असं मी पाहुण्यांना कळवळून सांगत असे. तिथे 'इज' हवं, कारण मोजमाप एकगठ्ठा धरतात. मराठीतही आपण 'चारशे मिलिमीटर पाऊस पडतो' असंच म्हणतो, 'पडतात' नाही. म्हणजे मराठीकडे नीट कान दिला असता तरी भागलं असतं.

ग्रामसभेचं कोडं अजून सुटलेलं नाही. कुऱ्हाडबंदीसारखा ठराव एकमुखाने झाला तर 'हॅज डिसायडेड', आणि सभासदांत जुंपली असेल तर 'आर आर्ग्युइंग', अशी मुभा ब्रिटिश वळणात आहे. गावातल्या सभा पाहिलेल्या असल्याने मला ही तऱ्हा फार पटली. एका माहितीपत्रकात मी दोन्ही रूपं मुद्दाम वापरली. अमेरिकन वळणाच्या एका संपादकाने दोन्हीकडे एकवचन करून कागद परत पाठवला.